सवलतीत घेतलेला ग्राइंडरसह ड्रिप कॉफीमेकर : पुडीची वाट आणि वाफेची वाट

ग्राइंडर आतच बसवलेला ड्रिप कॉफीमेकर म्हणजे खरे तर दोन यंत्रे. एक बिया दळते, दुसरे त्या पुडीतून गरम पाण्याने कॉफी उतरवते, आणि दोघांचे आयुष्य, बिघाड आणि साफसफाई एकाच कवचात बांधलेली असते. मी घेतलेले यंत्र मूळ किमतीच्या जवळजवळ निम्म्यात मिळाले, कारण कंपनीने त्याचे नवे मॉडेल बाजारात आणले होते आणि जुन्याचा उरलेला साठा विकून टाकायचा होता. रोजच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की अशा यंत्राची पारख करताना बटणांची संख्या किंवा स्टीलची चकाकी पाहण्याआधी एक जागा पाहावी, आणि ती म्हणजे दळलेली पूड ग्राइंडरमधून गाळणीत ज्या वाटेने पडते ती वाट. कोरडी पूड आणि गरम वाफ यांची गाठ तिथे पडते, आणि यंत्राचे बरेचसे दोष त्या गाठीतूनच निघतात.

यंत्राची रचना सरळ आहे. वर झाकण असलेला बियांचा डबा, त्याच्याखाली ग्राइंडर, ग्राइंडरपासून गाळणीच्या टोपलीकडे उतरणारी आखूड नळी, मागच्या बाजूला पाण्याची टाकी आणि पुढे तबकडीवर ठेवलेले काचेचे भांडे. किती कप हवेत, कॉफी कितपत कडक हवी आणि दळण किती बारीक हवे, एवढे ठरवण्याची सोय आहे. त्याशिवाय ग्राइंडर बंद ठेवून आधीच दळलेली पूड वापरण्याचे एक बटण आहे. जाहिरातीत या बटणाचा उल्लेख शेवटच्या ओळीत असतो, परंतु माझ्या मते ते नसलेले यंत्र कितीही सवलतीत मिळाले तरी घेऊ नये. ग्राइंडर हा या यंत्राचा सर्वांत जास्त झिजणारा भाग आहे, आणि तो बंद पडला की हे बटण नसलेले यंत्र पूर्णच निकामी होते. हे बटण असेल तर निदान साधा कॉफीमेकर तरी हाती राहतो. शिवाय कॅफीनविरहित कॉफी पिणारा कोणी आला, तर डब्यातल्या बिया उपसण्याची गरज पडत नाही.

ग्राइंडर दोन प्रकारचे येतात, आणि दोन्ही प्रकारच्या यंत्रांच्या खोक्यांवर ‘ताज्या दळलेल्या बियांची कॉफी’ असेच लिहिलेले असते. पहिल्या प्रकारात एक पाते वेगाने फिरते आणि बिया तुटतील तशा तोडते, त्यामुळे त्याच दळणात काही कण धुळीसारखे तर काही अर्धवट तुटलेले राहतात. दुसऱ्या प्रकारात दोन दातेरी भाग एकमेकांत बसवलेले असतात आणि जात्याच्या दोन दगडांमधून धान्य जावे तशी बी त्यांच्यामधल्या फटीतून जाते. ही फट कमीजास्त करता येते, म्हणून पूड बरीच एकसारखी पडते. व्यापारात यालाच बर ग्राइंडर म्हणतात. हा फरक चवीत उतरतो, कारण धुळीएवढ्या कणांतून पाणी लवकर सगळे ओढून घेते आणि कडूपणा आणते, तर मोठ्या तुकड्यांमधून पुरेसे काही उतरत नाही आणि आंबट, पाणचट चव राहते. असमान दळणाची कॉफी एकाच घोटात कडू आणि पाणचट लागते, ती यामुळेच. सवलतीच्या यादीत सर्वांत स्वस्त दिसणारी यंत्रे बहुधा पात्याची असतात. तेवढ्यावर भागवायचे असेल, तर साधा कॉफीमेकर आणि सुटा पात्याचा ग्राइंडर घेतलेला बरा, कारण सुट्या ग्राइंडरला निदान हाताने हलवत, थांबत थांबत दळता येते.

माझ्या यंत्रातला ग्राइंडर दुसऱ्या प्रकारचा, शंकूच्या आकाराचा आहे आणि त्याचे दळण ड्रिप कॉफीसाठी समाधानकारक आहे. जाडसर वाळूइतकी भरड तो नीट काढतो. एस्प्रेसोसाठी लागणारी बारीक पूड त्याच्याकडून होत नाही, आणि ती अपेक्षाही नाही. दळण बारीक करण्याचे चक्र फिरवताना ग्राइंडर चालू असावा असे पुस्तिकेत लिहिलेले आहे आणि ते पाळावे, कारण दात्यांमध्ये बिया अडकलेल्या असताना फट आवळली तर त्या चिरडल्या जातात आणि चक्रावर नको तेवढा जोर येतो.

आता प्रमाणाकडे वळतो, कारण ‘यंत्राची कॉफी पाणचट लागते’ ही तक्रार बहुतांशी इथे सुरू होते. यंत्रावर १० कप लिहिलेले असते, पण या धंद्यातला कप साधारण १२५ ते १५० मिलिलिटरचा असतो. माझ्या यंत्रात १० कपांच्या खुणेपर्यंत सव्वा लिटर पाणी बसते. मोठ्या मगाने पिणाऱ्याला त्यातून चार-पाच मगच मिळतात. त्यातही पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे भांड्यात उतरणारी कॉफी सव्वा लिटरपेक्षा बरीच कमी भरते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या संस्थेने लिटरमागे ५५ ग्रॅम पूड आणि त्यात दहा टक्के इकडेतिकडे असे प्रमाण सुचवले आहे. त्या हिशेबाने सव्वा लिटरला ६९ ग्रॅमच्या आसपास पूड हवी. दळण संपताच, पाणी सुरू होण्याआधी यंत्र थांबवून मी टोपलीतली पूड काट्यावर तोलली, तेव्हा ‘मध्यम’ या खुणेवर ती ५० ग्रॅमच्या जवळपास भरली. हे प्रमाण लिटरमागे ४० ग्रॅम होते आणि कॉफी फिकी होण्यास ते पुरेसे आहे. ‘कडक’ या खुणेवर पूड ६० ग्रॅमच्या थोडी वर जाते आणि तिथे चव जागेवर येते. म्हणून माझ्याकडे ती खूण कायम ‘कडक’वरच असते. हे यंत्र घेणाऱ्याने स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा एकदा तरी वापरावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

याच प्रमाणाला आणखी एक पदर आहे. हे यंत्र बिया तोलत नाही, ते केवळ ठरावीक सेकंद ग्राइंडर फिरवते. किती पूड पडेल हे मग बियांवर अवलंबून राहते. जास्त भाजलेली बी फुगते, हलकी होते आणि सहज फुटते, तर कमी भाजलेली बी घट्ट आणि जड असते व दात्यांना दाद देत नाही. दळण बारीक केले की तेवढ्याच वेळात कमी पूड बाहेर येते, भरड केले की जास्त येते. म्हणजे बिया बदलल्या किंवा चक्र फिरवले की प्रमाणही गुपचूप बदलते, आणि पडद्यावर मात्र तोच ‘१० कप’ दिसत राहतो. वजनावर चालणारी महागडी यंत्रे बाजारात आहेत. सवलतीनंतरही ती या यंत्रापेक्षा बरीच महाग पडतात. ज्यांना दर महिन्याला नवी बी चाखून पाहायची हौस आहे, त्यांना सेकंदांवर चालणारे हे यंत्र त्रास देईल. एकाच प्रकारची, मध्यम भाजलेली बी वर्षभर वापरणाऱ्याला ते एकदा बसवले की पुन्हा हात लावावा लागणार नाही.

आता त्या वाटेविषयी. ग्राइंडरमधून निघालेली पूड नळीतून घसरत टोपलीत पडते आणि लगेच त्याच टोपलीवर उकळत्याजवळचे पाणी पडू लागते. वाफ वर चढते. नळीचे तोंड उघडे असेल तर वाफ नळीत शिरते, आतल्या भिंतींवर दव धरते, आणि दुसऱ्या दिवशी दळलेली कोरडी पूड त्या ओलाव्याला चिकटते. चार दिवसांत तिथे कॉफीचा लेप तयार होतो, आठवड्याभरात वाट अरुंद होते, आणि मग एखाद्या सकाळी ग्राइंडर घरघरत राहतो पण टोपलीत अर्धीच पूड पडते. माझ्या यंत्रात नळीच्या तोंडाशी एक सरकती झडप आहे, जी दळण संपताच बंद होते. त्यामुळे ओलावा कमी होतो, पण पूर्ण थांबत नाही. झडपेच्या कडेला पूड अडकली की ती घट्ट बसत नाही आणि फटीतून वाफ जातेच. काही यंत्रांत दळण्याच्या वेळी टोपली ग्राइंडरखाली असते आणि पाण्याच्या वेळी ती फिरून बाजूला जाते. ती रचना मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण तिथे वाफेला ग्राइंडरकडे सरळ रस्ताच मिळत नाही. पात्याच्या काही यंत्रांमध्ये दळण्याचे भांडे आणि गाळणी एकाच ओल्या जागेत असतात, म्हणजे प्रत्येक वेळी सगळेच धुणे आले.

ओलाव्याच्या जोडीला स्थिर विद्युतही आहे. दळताना बियांचे तुकडे घासून भारित होतात, आणि भारित पूड प्लास्टिकला चिकटते, टोपलीच्या कडेबाहेर उडते, ओट्यावर पसरते. बियांवर आधी पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडले तर हा उपद्रव कमी होतो हे कॉफीवाल्यांना पूर्वीपासून माहीत होते, आणि ऑरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याला प्रयोगाचा आधार मिळाला. मात्र तो उपाय एका वेळेपुरत्या मोजून घातलेल्या बियांसाठी आहे. ज्या डब्यात आठवड्याच्या बिया भरून ठेवायच्या, त्यात पाणी शिंपडणे म्हणजे बियाही खराब करणे आणि ग्राइंडरही. एकत्र यंत्राच्या वाट्याला हा सोपा उपाय येत नाही, म्हणून नळीत पूड साचणे हा दोष सवलतीच्या यंत्राचा नसून या जातीचाच आहे असे समजून चालावे. निदान मला तरी त्यापासून पूर्ण मोकळे असलेले यंत्र पाहायला मिळालेले नाही.

साचलेल्या पुडीमुळे चव बिघडते ती वेगळीच. भाजलेल्या बीत कर्बवायू आणि सुगंधी द्रव्ये अडकलेली असतात. दळल्यावर ती झपाट्याने उडून जातात, आणि पुडीतले तेल हवेशी संयोग पावून खवट होऊ लागते. ताजे दळण घेण्याचा सगळा फायदा याच गोष्टीत आहे. कालची दोन-तीन ग्रॅम पूड नळीत राहिली आणि आजच्या दळणाबरोबर टोपलीत पडली, तर तेवढा फायदा आपण परत केला. तेलकट, काळपट भाजलेल्या बियांनी हे फार लवकर होते, कारण त्यांचे तेल दात्यांवर आणि डब्याच्या भिंतीवर बसते. सुगंधित बिया तर या यंत्रात घालूच नयेत, त्यांचा वास पुढच्या कित्येक भांड्यांमधून जात नाही.

डब्याविषयीही याच ओघात सांगतो. पारदर्शक डबा दिसायला छान असतो, पण उजेड आणि खालून येणारी ऊब ही बियांच्या ताजेपणाची शत्रू आहे. पुस्तिका डबा पूर्ण भरा असे सांगत असली, तरी मी दोन-तीन दिवस पुरतील एवढ्याच बिया त्यात घालतो आणि उरलेल्या हवाबंद डब्यात अंधारात ठेवतो.

कॉफी उतरवणारा अर्धा भाग मात्र अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. बहुतेक घरगुती ड्रिप यंत्रांत पंप नसतो. टाकीतले पाणी एका एकमार्गी झडपेतून खालच्या तापणाऱ्या नळीत उतरते, तिथे उकळून निघणाऱ्या वाफेचे बुडबुडे पाण्याला ढकलत वर नेतात आणि ते फवाऱ्यातून पुडीवर पडते. शेवटी येणारा खळखळाट आणि फुसफुस म्हणजे टाकी रिकामी झाल्याची खूण. या पद्धतीचा कमकुवतपणा असा की पहिले पाणी तुलनेने थंड पडते. चांगल्या ड्रिप कॉफीसाठी पाणी साधारण ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावे असे मानले जाते. टोपलीत तापमापक धरून पाहिले तेव्हा सुरुवातीला पारा ८० च्या घरात होता, नंतर लवकरच तो ९२ च्या वर गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. या किमतीत यापेक्षा जास्त मागणे योग्य नव्हे. पाणी भरून एकदा नुसतेच यंत्र चालवले आणि मग कॉफी केली, तर नळ्या आधीच तापलेल्या असल्याने सुरुवातही सुधारते, पण रोज एवढे कोणी करेल असे वाटत नाही.

फवारा रुंद आहे, त्यामुळे पूड मधोमध खड्डा न पडता बरीच सारखी भिजते. पहिल्या पाण्यानंतर यंत्र अर्धा मिनिट थांबते आणि मग पुढचे पाणी सोडते. हा थांबा दिखाऊ नाही. ताज्या पुडीतला कर्बवायू पाणी पडताच फसफसून वर येतो आणि पाण्याला कणांत शिरू देत नाही. तो आधी निघून गेला की पुढचे पाणी नीट काम करते. बी जितकी ताजी, तितका फेस मोठा, म्हणून पाकिटावर वापरण्याच्या शेवटच्या तारखेपेक्षा भाजल्याची तारीख शोधावी.

गाळणी म्हणून यंत्राबरोबर धातूची बारीक जाळी दिली आहे आणि कागदी गाळणीही तिच्या जागी बसते. जाळीने कागदाचा खर्च वाचतो आणि कॉफी थोडी दाट लागते, पण तळाशी गाळ येतो. त्याखेरीज एक आरोग्याचा मुद्दा आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य असते, जे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवते. कागद ते बऱ्याच अंशी अडवतो, धातूची जाळी पुष्कळसे जाऊ देते. रोज तीन-चार कप पिणाऱ्याने, विशेषतः कोलेस्टेरॉलकडे लक्ष द्यावे लागत असेल तर, कागदच वापरावा. ड्रेस्डेनमधील मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ साली कागदी गाळणीची नोंदणी केली ती कडवट गाळ टाळण्यासाठी. कोलेस्टेरॉलचा फायदा पुढे कितीतरी वर्षांनी कळला.

काचेचे भांडे आणि खालची तापलेली तबकडी हा या यंत्राचा दुसरा खरा दोष आहे. कॉफी उतरल्यावर पहिली वीस मिनिटे ती उत्तम असते. त्यानंतर तबकडीची उष्णता तिला शिजवत राहते, त्यातली क्लोरोजेनिक आम्ले फुटून क्विनिक आणि कॅफेइक आम्ले तयार होतात, आणि चव तुरट, आंबट-कडू होत जाते. युरोपीय संघाने २०१५ पासून असा नियम केला आहे की उष्णतारोधक नसलेल्या भांड्याच्या ड्रिप यंत्राने शेवटच्या खेपेनंतर जास्तीत जास्त ४० मिनिटांत आणि थर्मास असलेल्या यंत्राने ५ मिनिटांत स्वतःहून विश्रांतीत, म्हणजे तापवणे थांबवून अत्यल्प विजेवर, जावे. तो नियम विजेसाठी केलेला आहे, पण त्यामुळे चवीचेही भलेच झाले. माझ्या यंत्राची तबकडी बटणाने आधी बंद करता येते आणि मी ती लगेच बंद करून कॉफी वेगळ्या थर्मासमध्ये ओततो. याच मॉडेलची थर्मासवाली आवृत्ती कमी सवलतीत उपलब्ध होती. कॉफी तासाभरात टप्प्याटप्प्याने पिणाऱ्या घराने ती जास्तीची रक्कम खुशाल द्यावी.

दोन कपांपुरती कॉफी या यंत्रात चांगली होत नाही. मोठ्या टोपलीच्या तळाशी पुडीचा पातळ थर बसतो आणि पाणी त्यातून घाईने निघून जाते. चार कपांपासून पुढे ती नीट होते. एकट्याने राहणाऱ्या आणि सकाळी एकच कप घेणाऱ्या माणसाला हे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी ते त्याच्यासाठी नाही.

रात्री पाणी भरून ठेवून सकाळची वेळ लावण्याची सोय आहे आणि ती बिनचूक चालते. ग्राइंडरचा आवाज मात्र अर्ध्या मिनिटाचा असला तरी मिक्सरच्या तोलाचा आहे, शेजारच्या खोलीत झोपलेले माणूस हमखास जागे होते.

साफसफाईत गाळणी, टोपली आणि भांडे रोज धुणे एवढेच काम असेल अशी समजूत असेल, तर ती सोडावी. नळी आणि झडप दोन-तीन दिवसांनी कोरड्या ब्रशने झाडावी लागते, आणि आठवड्यातून एकदा ग्राइंडरचा वरचा दातेरी भाग काढून तेलकट थर पुसावा लागतो. दात्यांना पाणी लावू नये. तांदूळ दळून ग्राइंडर साफ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु कच्चा तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा कितीतरी टणक असल्याने छोट्या मोटरवर ताण येतो, आणि त्याचे पीठ ओलसर नळीत बसले तर आधीचा लेप बरा म्हणायची वेळ येते. कॉफी उतरल्यावर टोपली काढून घ्यावी आणि झाकण उघडे ठेवावे, म्हणजे वाफ नळीकडे न जाता बाहेर पडते. या एका सवयीने माझ्याकडे नळी चोंदण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले.

पाण्यातला क्षार हा त्याहून संथ शत्रू आहे. जड पाण्यातले कॅल्शियम कार्बोनेट तापणाऱ्या नळीत थर धरते, पाणी हळू चढते, कॉफी उतरायला जास्त वेळ लागतो आणि तापमान उतरते. सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने तो थर विरघळतो. व्हिनेगरनेही काम होते, पण त्याचा वास जाण्यासाठी दोन-तीन वेळा साधे पाणी फिरवावे लागते. यंत्र क्षार काढण्याचा दिवा लावते तो बहुधा खेपा मोजून. पाणी फार जड असेल तर दिव्याची वाट पाहू नये.

सवलतीबद्दल बोलायचे तर ती कशामुळे आहे हे आधी विचारावे. जुने मॉडेल बंद होत असल्यामुळे मिळणारी सवलत सर्वांत चांगली, कारण वस्तू कोरी असते. पण याच कारणामुळे सुटे भाग पुढे मिळतील का, हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. खोके उघडलेली वस्तू घेताना जाळी, मोजमापाचा चमचा, ब्रश आणि भांड्याचे झाकण आहे ना, हे पाहावे. रिफर्बिश्ड, म्हणजे परत आलेले आणि दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेल्या यंत्रावर वॉरंटी बऱ्याचदा नव्यापेक्षा कमी असते, आणि त्याची तपासणी नाकाने करावी : बियांच्या डब्याला खवट तेलाचा वास येत असेल आणि नळीत बोटाला काळी पूड लागत असेल, तर ते बाहेरून पुसून खोक्यात भरलेले आहे, आतून साफ केलेले नाही. टाकीच्या तळाशी पांढरा थर असेल तर तापणाऱ्या नळीतही तो असणारच. परदेशातून मागवलेले स्वस्त यंत्र असेल तर मागच्या पट्टीवरचे व्होल्ट वाचावेत. १२० व्होल्टचे यंत्र २३० व्होल्टला जोडले तर तापणारा भाग साडेतीन पटींहून अधिक वीज ओढू पाहतो आणि लगेच जळतो. ९००-१००० वॉटच्या या यंत्रासाठी तेवढ्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तर सवलत त्यातच संपते.

पूर्ण किमतीत मी हे यंत्र घेतले नसते. तेवढ्या पैशांत एक साधा, चांगले पाणी तापवणारा कॉफीमेकर आणि एक सुटा बर ग्राइंडर येतो. त्या जोडीत नळीही नाही, झडपही नाही, वाफ पुडीच्या वाटेत येत नाही आणि एक बिघडले तर दुसरे चालते. निम्म्या किमतीत मात्र हिशेब बदलतो, कारण तेवढ्यात सुट्या बर ग्राइंडरशिवाय फारसे काही येत नाही, म्हणजे कॉफीमेकर जवळजवळ वर मिळाल्यासारखा होतो. सवलत पंधरा-वीस टक्क्यांची असेल तर थांबावे, नवीन मॉडेल आल्यावर जुने आणखी उतरते. चार-पाच माणसांच्या घरात, एकाच प्रकारच्या मध्यम भाजलेल्या बिया वापरल्या जात असतील आणि आठवड्यातून दहा मिनिटे ब्रश हातात घेणारे कोणी असेल, तर या किमतीत घेण्यास माझी हरकत नाही. पाच ताऱ्यांत साडेतीन देतो. कापलेल्या दीड ताऱ्यापैकी एक नळीसाठी आहे आणि अर्धा तबकडीसाठी.

ज्यांनी घ्यायचे ठरवले आहे त्यांनी खरेदीबरोबरच काचेचे एक जादा भांडे आणि नळीच्या झडपेची रबरी कड मागवून ठेवावी, कारण बंद झालेल्या मॉडेलचे हेच दोन भाग आधी संपतात. पावतीवर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा, आणि वस्तू परत करण्याची मुदत संपण्याआधी पूर्ण १० कपांची कॉफी रोज करून पाहावी. नळी चोंदायची असेल तर ती त्या काळातच चोंदू लागते.